ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्यांची यादी कशी वाचावी : एप्रिलच्या शनिवारपासून पुढच्या मार्चपर्यंत

१ फेब्रुवारी २०१५. ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये सुपर बोलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचे, शेवटचे काही सेकंद उरलेले. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४, आणि चेंडू सीहॉक्सकडे, गोल रेषेपासून जेमतेम एक यार्डावर. सीहॉक्सच्या रसेल विल्सनने चेंडू फेकला सहकारी रिकार्डो लॉकेटकडे, आणि मध्येच घुसून तो पकडला पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने. सामना तिथेच निकालात निघाला.

हा क्षण पाहिला नाही असा एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा चाहता सापडणं कठीण. पण तो पुन्हा पाहाल तेव्हा एक मोजणी करा. बटलरला ड्राफ्टमध्ये, म्हणजे विद्यापीठांतून येणारे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने घेतलं नव्हतं. लॉकेटलाही नाही. लॉकेटची वाट मोकळी करायला बटलरच्या आडवा जाणार होता तो जर्मेन कर्स, त्यालाही नाही. आणि त्या कर्सला जागच्या जागी रोखून धरणारा ब्रँडन ब्राउनर, त्यालाही नाही. अमेरिकेतला सर्वांत मोठा सामना ठरवणाऱ्या त्या एका डावात नाव न पुकारलेले चौघे होते.

ड्राफ्टच्या पहिल्या फेरीबद्दल महिनाभर चर्वितचर्वण चालतं. ड्राफ्ट संपल्यावर तासाभरात होणारे करार मात्र कुणी नीट वाचत नाही. ते कसे वाचायचे आणि त्यातला कोणता पोरगा सप्टेंबरपर्यंत टिकेल याचा अंदाज कसा बांधायचा, हे या लेखात पायरीपायरीने सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो. तिथे बोली लागली नाही की खेळाडू घरी बसून फोनची वाट बघतो. इथे जवळजवळ उलटं आहे. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत ज्याला घेतलं, त्याला निवडणाऱ्या संघाकडेच जावं लागतं. तो क्लीव्हलँड नको, मायामी हवं असं म्हणू शकत नाही. ज्याला कुणीच घेतलं नाही तो मोकळा. ३२ पैकी ज्यांना तो हवा आहे त्यांतला एक संघ तो स्वतः निवडतो. निवड न झालेल्यालाच निवड करता येते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १ : ड्राफ्टच्या आधी घरचा हिशेब

कागद घ्या, आपल्या संघाच्या जागा मांडा. उन्हाळ्यात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात. हंगाम सुरू होताना त्यांतले ५३ उरतात. २०२५च्या ड्राफ्टमध्ये २५७ खेळाडू निवडले गेले, म्हणजे संघामागे सरासरी आठ. जुने खेळाडू आणि हे आठ धरूनही नव्वदचा आकडा भरत नाही. उरलेल्या जागा भरतात त्या आपल्या या मंडळींनी. कुणी पाच-सहा घेतो, कुणी वीस.

प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा : सध्या किती जण आहेत, त्यांचं वय, आणि करार कधी संपतो. जिथे तिघे भरपगारी अनुभवी बसले आहेत तिथे नवख्याला दार बंदच समजा. जिथे दोनच जण आहेत आणि त्यांतला एक तिशी ओलांडलेला आहे, तिथे खूण करा. ही खूण शनिवारी रात्री कामाला येते.

किकर, पंटर (हे दोघे चेंडू पायाने मारणारे) आणि लाँग स्नॅपर (त्यांच्यासाठी चेंडू मागे फेकणारा) यांचं गणित वेगळं. तिथे जागाच एक असते, दुसऱ्या क्रमांकाला काही मिळत नाही. अशा खेळाडूंवर ड्राफ्टची निवड खर्च करायला संघ नाखूश असतात, म्हणून या जागांवर ड्राफ्टबाहेरचे खूप दिसतात. एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे २,६७३ गुण करणारा ॲडम व्हिनाटिएरी हाही ड्राफ्टमध्ये निवडला न गेलेला. तो १९९६ मध्ये पेट्रियट्सकडे आला.

पायरी २ : शनिवारची रात्र, आपली रविवारची पहाट

ड्राफ्ट तीन दिवस चालतो. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी चौथी ते सातवी. शनिवारचा दिवस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ ला सुरू होतो, म्हणजे भारतात रात्री साडेनऊला, आणि संपतो तो आपल्या पहाटे. पुण्या-मुंबईत बसून बघणाऱ्यांनी गजर पहाटेचा लावावा. चौथी-पाचवी फेरी झोपेत गेली तरी चालेल.

करार अधिकृतपणे शेवटची निवड झाल्यावरच होतात. पण फोन सातव्या फेरीतच खणखणू लागतात. एकाच खेळाडूला तीन-चार संघांचे प्रशिक्षक एकाच वेळी गाठायला बघतात. एजंटच्या एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा. आणि इथे एक गंमत घडते : काही एजंट मनातून म्हणत असतात की आता सातव्या फेरीत याला कुणी घेऊ नये. दोनशे पन्नासावा निवडला गेला तर मान मिळेल, पण गर्दीच्या संघात जाऊन पडेल. मोकळा राहिला तर जागा बघून जाता येईल.

याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण टोनी रोमोचं. २००३ चा ड्राफ्ट, ईस्टर्न इलिनॉय नावाच्या छोट्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू, कुणी घेतला नाही. डेन्व्हर ब्राँकोसचे मुख्य प्रशिक्षक माइक शनाहन त्याच विद्यापीठाचे, आणि ते जास्त पैसे देत होते. डॅलस काउबॉयजमध्ये सहायक प्रशिक्षक शॉन पेटन. तेही त्याच विद्यापीठाचे. रोमोने कमी पैशांचं डॅलस घेतलं, कारण तिथे त्याच्या पुढे उभे असलेले क्वार्टरबॅक पक्के नव्हते. २००६ पर्यंत तो बाकावर बसला, आणि मग दशकभर तिथला क्वार्टरबॅक तोच होता. त्या रात्री त्याने काही हजार डॉलरवर पाणी सोडलं, ते हिशेबात कुठल्या कुठे गेलं.

म्हणून एखाद्याने आपला संघ निवडला की तीन प्रश्न विचारा. त्याच्या जागेवर पुढे किती जण आहेत? त्याला हवा म्हणणारा माणूस कोण, मुख्य प्रशिक्षक, त्या जागेचा प्रशिक्षक की नुसता खेळाडू हेरत फिरणारा स्काउट? आणि हमीची रक्कम किती? पहिल्याचं उत्तर तुमच्या कागदावर आहे. दुसऱ्याचं हळूहळू मुलाखतींतून कळतं. तिसऱ्यासाठी पुढची पायरी.

त्या रात्रीच्या बातम्यांबद्दल एक सूचना. बहुतेक बातम्या एजंट, विद्यापीठ किंवा खुद्द खेळाडूकडून फुटतात. संघाची अधिकृत यादी नंतर येते, आणि वैद्यकीय तपासणीत अडकून एखादं नाव गळतंही. शिवाय ‘करार केला’ आणि ‘शिबिराला बोलावलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला नव्वदात जागा मिळाली. दुसऱ्याला मिळाले दोन-तीन दिवस, स्वतःला दाखवायला. बातमीत ‘ट्रायआउट’ शब्द दिसला तर ते नाव वहीत पेन्सिलीने लिहा.

पायरी ३ : पैसा खरं बोलतो

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

ड्राफ्टमधून आलेल्याचा करार चार वर्षांचा असतो, बाहेरून आलेल्याचा तीन वर्षांचा. कागदावर सगळ्यांचा पगार जवळपास सारखाच दिसतो, कारण तो किमान पगार असतो. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार वर्षाला ८,४०,००० डॉलर होता. आकडा वाचून गावाकडचे नातेवाईक थक्क होतात, पण तो मिळतो केव्हा? ५३ मध्ये राहिलात तर, आणि तोही हंगामाच्या १८ आठवड्यांत, आठवड्याला सुमारे ४६,६६७ डॉलर असा. ऑगस्टमध्ये घरी गेलात तर त्यातला एक डॉलरही नाही. म्हणजे करार तीन वर्षांचा म्हटला तरी संघ तो उद्या सकाळी संपवू शकतो.

म्हणून पगार बघायचा नाही, हमी बघायची. ती दोन वाटांनी येते. एक, सही केल्याबद्दलचा बोनस. यासाठी प्रत्येक संघाला सगळ्या ड्राफ्टबाहेरच्या नवख्यांत मिळून एक ठरलेली मर्यादा असते, त्यामुळे हे आकडे लहान राहतात : कुणाला दोन-पाच हजार, कुणाला वीस-तीस हजार, कुणाला शून्य. दुसरी वाट जास्त बोलकी. संघ पहिल्या वर्षाच्या पगाराचाच काही भाग हमीचा करतो, आणि तो त्या मर्यादेत मोजला जात नाही. खरी चढाओढ इथे होते. अलीकडच्या वर्षांत मोठी मागणी असलेल्या पोरांना दोन लाख डॉलरच्या वर हमी मिळालेली आहे.

हा दोन लाखांच्या आसपासचा आकडा कुठून आला? एक साधा गुणाकार करा. २०२५ मध्ये प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या, म्हणजे ५३ च्या बाहेर सरावासाठी ठेवलेल्या राखीव चमूतल्या, नवख्याचा पगार आठवड्याला १३,००० डॉलर होता. गुणिले १८ आठवडे, झाले २,३४,०००. म्हणजे एवढी हमी देणारा संघ त्या पोराला जणू सांगत असतो, ‘५३ मध्ये जमलं नाही तरी वर्षभर आमच्याकडे सरावाला राहशील, एवढं धरून चाल.’ माझा ठोकताळा असा : दोन लाखांच्या पुढे हमी असेल तर नावाखाली दोन रेघा. पन्नास हजार ते दोन लाख, एक रेघ. पाच हजार असेल तर संघाला सरावाला अंगं हवी आहेत, इतकंच समजावं. यालाही अपवाद आहेत, आणि सगळे मिळून एक यादी होईल एवढे आहेत. पण पैज लावायची झाली तर मी रेघा बघून लावीन.

करारातली आणखी एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बऱ्याच नवख्यांचा करार दुहेरी असतो : खेळायला उभा असेल तर एक पगार, जायबंदी यादीवर गेला तर त्याहून बराच कमी. एजंटचं कमिशन कराराच्या जास्तीत जास्त ३ टक्के; खेळाडू संघटनेने ती मर्यादा घालून दिली आहे.

पायरी ४ : मेमधलं नवख्यांचं शिबिर

ड्राफ्टनंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवार-रविवारच्या आसपास प्रत्येक संघाचं नवख्यांचं शिबिर होतं. निवडलेले, करार केलेले आणि नुसते बोलावलेले सगळे एकत्र. इथे मागच्या पायरीतला पैशांचा नियम पहिल्यांदा मोडतो.

बटलर असाच आला. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा, वेस्ट अलाबामा विद्यापीठाचा, मधल्या काळात पोपायजच्या चिकनच्या दुकानात काम केलेला. मे २०१४ मध्ये पेट्रियट्सने त्याला करार न देता शिबिराला बोलावलं. तिथे त्याने दाखवलं, करार मिळाला, आणि नऊ महिन्यांनी वर सांगितलेला तो झेल. मिनेसोटाचा ॲडम थीलन २०१३ मध्ये असाच नुसता बोलावलेला होता.

शिबिर संपल्यावर संघाची नवी यादी बघा. बोलावलेल्यांतल्या कुणाला करार दिला असेल तर नव्वदात जागा करायला दुसऱ्या कुणाला तरी काढलेलं असतं. ज्याच्यासाठी संघाने स्वतःचंच आठवड्यापूर्वीचं मत बदललं, ते पेन्सिलीचं नाव आता शाईने लिहा.

पायरी ५ : जून, आणि संयम

या महिन्यात सराव होतात, पण अंगावर पॅड नसतात आणि खरी धडक नसते. बिनधडकेच्या सरावात चपळ रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, सगळेच राजे दिसतात. त्यांचे व्हिडिओ फिरतात, चाहते एखाद्याला थेट पुढचा अमुक ठरवतात. काही लिहू नका. पुढच्या रांगेत धडका देणाऱ्या लाइनमनबद्दल तर या दिवसांत काहीच कळत नाही. पुढे जा.

पायरी ६ : ऑगस्टचे तीन सामने, चौथ्या क्वार्टरपासून

२०२१ पासून हंगामापूर्वीचे सामने चारांचे तीन झाले. नवख्यांच्या दृष्टीने संधीच एका चतुर्थांशाने घटली. हे सामने लोक पहिलं क्वार्टर बघून बंद करतात. तुम्ही उलट करा.

मैदानावर कधीकधी एकाच क्रमांकाचे दोन खेळाडू दिसतील, एक आक्रमणात, एक बचावात. चूक नाही ती. जागेनुसार वाटलेले क्रमांक नव्वद जणांना पुरत नाहीत. नावं लिहून बसा.

चेंडू कुणी पकडला हे गौण. आधी बघा, पोरगा कोणत्या सामन्यात कितव्या क्वार्टरला उतरतो. पहिल्या सामन्यात चौथ्या क्वार्टरला, दुसऱ्यात तिसऱ्याला, तिसऱ्यात दुसऱ्याला, अशी चढण असेल तर प्रशिक्षकांच्या मनात काहीतरी शिजतंय. समोरून कोण खेळतोय तेही बघा. उद्या घरी जाणाऱ्यांसमोर गाजवलेलं फारसं धरत नाहीत.

आणि मग स्पेशल टीम्स, म्हणजे चेंडू पायाने मारायच्या डावांत उतरणारे गट. किकऑफ, पंट, त्यांचे परतावे, म्हणजे आपण चहा आणायला उठतो तो सगळा खेळ. रिसीव्हरमधला पाचवा, बचावातल्या कॉर्नरबॅकमधला सहावा, लाइनबॅकरमधला पाचवा, हे सगळे यादीत राहतात ते इथल्या कामावर. २०२४ पासून किकऑफचा नियम बदलला, परतावे वाढले, त्यामुळे ही कामं आणखी महागली. पंटच्या वेळी सर्वांत बाहेरून सुसाट धावणारा गनर नवखा असेल, आणि तो आधी पोचत असेल, तर त्याच्या झेलांची संख्या विचारूही नका.

वेस वेल्करची गोष्ट इथली. टेक्सास टेकचा, उंचीने कमी, २००४ मध्ये ड्राफ्टबाहेर. सॅन डिएगो चार्जर्सने त्याला यादीत घेतलं आणि पहिल्याच सामन्यानंतर काढलं; मायामी डॉल्फिन्सने उचललं. ऑक्टोबरमध्ये मायामीचा किकर जखमी झाला, तेव्हा वेल्करने एकाच सामन्यात किकऑफ केला, फील्ड गोल मारला, जादा गुणाची किक मारली, वर किक आणि पंट परतवले. पडेल ते काम. पुढे न्यू इंग्लंडमध्ये तो लीगमधल्या सर्वाधिक झेल घेणाऱ्यांत गणला गेला, पण तिथवर पोचायला आधी पहिली वर्षं टिकायची होती.

पायरी ७ : छाटणीचा मंगळवार

ऑगस्टअखेरच्या मंगळवारी, पूर्व किनाऱ्यावर दुपारी ४ वाजता, भारतात मंगळवार-बुधवारच्या मध्यरात्री दीडला, प्रत्येक संघ ५३ वर यावा लागतो. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून एकदम. ३२ संघांचे मिळून हजाराहून अधिक जण एका दिवसात बाहेर.

नाव वगळलेलं दिसलं म्हणून वही मिटू नका. चार हंगाम न झालेला खेळाडू थेट मोकळा होत नाही, तो वेव्हर्सवर जातो. बुधवारी तिथल्या दुपारी १२ पर्यंत, आपल्या रात्री साडेनऊपर्यंत, दुसरा संघ त्याला मागून घेऊ शकतो. मागणारे अनेक असतील तर गेल्या हंगामातल्या सर्वांत दुबळ्या संघाला पहिला मान. म्हणून संघांची लपवाछपवी चालते : ज्याला ठेवायचंय पण ५३ मध्ये जागा नाही, त्याला शेवटच्या सामन्यात कमी खेळवायचं, म्हणजे इतरांच्या नजरेत भरणार नाही. गाजत असलेला पोरगा अचानक बाकावर दिसला तर लगेच हळहळू नका. कदाचित त्याला झाकून ठेवलंय.

दुखापतग्रस्ताला काढलं आणि कुणी घेतलं नाही, तर तो मूळ संघाच्या जायबंदी यादीवर परत येतो, किंवा ठरावीक रक्कम घेऊन वेगळा होतो.

पायरी ८ : प्रॅक्टिस स्क्वॉड म्हणजे दुसरं दार

वेव्हर्सवरून कुणी न घेतलेल्यांतून बुधवारी दुपारनंतर प्रत्येक संघ १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वॉड उभं करतो. इथे खेळाडू पुन्हा मोकळा असतो आणि पुन्हा निवड करू शकतो. जुन्याच संघाकडे राहायचं की जिथे पुढे जखमी जास्त तिकडे जायचं, शनिवारच्या रात्रीचेच तीन प्रश्न परत.

संघ एका खेळाडूला हंगामात तीनदा स्क्वॉडवरून सामन्यापुरता वर घेऊ शकतो. चौथ्यांदा हवा तर ५३ मध्ये घ्यावं लागतं. दुसऱ्या संघालाही तो स्क्वॉडवरून नेता येतो, पण थेट ५३ मध्ये, आणि किमान तीन आठवड्यांचा पगार देऊन. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दुखापती साचल्यावर, तुमच्या वहीतली पुसलेली नावं परत वर येऊ लागतात.

स्क्वॉडवरही जागा नाही मिळाली तर कॅनडाची लीग आहे, वसंतातली यूएफएल आहे. कर्ट वॉर्नरचं नाव या ठिकाणी घ्यावंच लागतं. १९९४ मध्ये ग्रीन बेच्या संघाने शिबिरातून परत पाठवल्यावर तो आयोवात हाय-व्ही दुकानात रात्री फळ्यांवर माल लावत होता, तासाला साडेपाच डॉलरवर. मग बंदिस्त मैदानातलं अरीना फुटबॉल, मग युरोपात ॲमस्टरडॅम, मग १९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सुपर बोल. हे पुन्हा घडेल अशा आशेवर कुणी राहू नये, पण वॉर्नर ठाऊक असल्यामुळेच दरवर्षी शेकडो पोरं आणखी एक हिवाळा व्यायामशाळेत काढतात.

गेल्या काही वर्षांत एक बदलही जाणवतो. जुलै २०२१ पासून विद्यापीठातल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली. सहाव्या-सातव्या फेरीच्या आशेवर लवकर बाहेर पडणारे आता आणखी एक वर्ष थांबतात, तिथेच बरे पैसे मिळतात म्हणून. त्यामुळे शनिवारनंतरची रांग थोडी विरळ झाली आहे, आणि जी दोन-चार चांगली नावं उरतात त्यांच्यावर हमीची बोली चढते.

पायरी ९ : वही मार्चपर्यंत ठेवा

ड्राफ्टबाहेरच्याचा तीन वर्षांचा करार संपतो तो चार वर्षं बांधलेल्या निवडलेल्यांच्या एक वर्ष आधी. हंगामात किमान सहा सामने पूर्ण पगारी यादीवर असला तर तो हंगाम मोजला जातो. असे तीन झाले की खेळाडू मर्यादित अर्थाने मोकळा होतो : दुसरा संघ त्याला मागू शकतो, जुना संघ ती मागणी जुळवून त्याला ठेवू शकतो, आणि जुन्या संघाने त्याच्यापुढे आधीच मोठा प्रस्ताव ठेवला असेल तर मागणाऱ्याला ड्राफ्टची निवडही द्यावी लागते.

२०१७ च्या मार्चमध्ये पेट्रियट्सने बटलरपुढे असा प्रस्ताव ठेवला. एका वर्षाला ३९.१ लाख डॉलर, आणि तो हवा असेल त्या संघाने पहिल्या फेरीची निवड मोजायची. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यावर एकाही संघाने सातव्या फेरीची निवड खर्च केली नव्हती, त्याच्यावर ही किंमत लावली होती. कुणी दिली नाही. पुढच्या वर्षी तो पूर्ण मोकळा झाला, आणि या खेपेलाही संघ त्यानेच निवडला : टेनेसी टायटन्स, पाच वर्षं, ६ कोटी १० लाख डॉलर.